दोन सुया आणि चार महिन्यांचा उपद्व्याप

आमचा एक मामा कुवेतला नोकरीला होता. ८४ का ८५ साली सुट्टीवर आला तेव्हा तो एक जपानी अँप्लिफायर घेऊन आला, डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या घरात, चंदेरी तोंडाचा, आणि त्याला दोन चौकोनी खिडक्या, आत पिवळट उजेड आणि त्यात दोन सुया. मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेन. गाणं कुठलं लागलंय याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं, मी आपला सुयांसमोर मांडी घालून बसायचो. भीमसेनजींची तान सुटली की दोन्ही सुया झपकन उजवीकडे पळायच्या आणि सम आली की दमल्यासारख्या खाली यायच्या. पुढे मामाने तो विकला आणि काळ्या प्लॅस्टिकचा सीडी चेंजरवाला कॉम्बो घेतला, ज्यावर हजारात पीएमपीओ वॅट (जाहिरातीसाठी फुगवलेला आकडा) लिहिलेले होते आणि आवाज डब्यातून आल्यासारखा यायचा. त्या विक्रीचं दुःख घरात मला एकट्यालाच झालं होतं बहुतेक.

तर गेल्या जूनमध्ये थोडे पैसे बाजूला पडले आणि मी ठरवलं की आता सुयावाला अँप घ्यायचाच. बायकोने विचारलं, आत्ता आहे त्यातून गाणी ऐकू येत नाहीत का? म्हणलं येतात. मग? म्हणलं त्याला सुया नाहीत. ती दोन मिनिटं काही बोलली नाही आणि मग म्हणाली दुरुस्तीसकट पंधरा हजार, त्याच्या वर एक रुपया नाही, आणि तो हॉलमधे दिसताना घाण दिसता कामा नये. हे दोन नियम मला पुढे फार उपयोगी पडले हे कबूल करतो.

एका मित्राने लगेच सल्ला दिला की कशाला जुनं धूड घेतोस, बाजारात नुसते मीटरचे डबे मिळतात, चायनीज, दोन-अडीच हजारात, आहे त्या अँपला जोड आणि बस बघत. सल्ला चुकीचा नव्हता. मी तो डबा कार्टमधे टाकून चार दिवस ठेवला पण होता. पण म्हणलं ते म्हणजे नुसतं शोकेसमधलं घड्याळ झालं. शिवाय बाबांच्या पन्नासेक एलपी माळ्यावर पडून आहेत आणि जुन्या अँपमधे फोनो इनपुट (रेकॉर्ड प्लेअर जोडायची सोय) आतच असतं, तो वेगळा खर्च वाचतो. (हे कारण मी बायकोला सांगितलं. खरं कारण सुयाच.)

मग वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच आठवड्यात आपण किती अडाणी आहोत ते कळलं. मला वाटायचं सुया म्हणजे व्हीयू मीटर. तर तसं नाहीये. व्हीयू मीटर ही मुळात रेडिओ स्टेशन आणि स्टुडिओवाल्यांची वस्तू, १९३९ च्या सुमारास अमेरिकेत बेल लॅब्ज, सीबीएस आणि एनबीसी यांनी मिळून ते माप ठरवलं, सुईने किती सावकाश चढायचं ते सुद्धा ठरलेलं आहे, ३०० मिलिसेकंद. म्हणजे तबल्यावर थाप पडून गेली की मग सुई निवांत उठणार. कॅसेट डेकवर असतात ते या जातीचे. अँपवर ज्या खिडकीत ०.१, १, १०, १०० असे वॅटचे आकडे छापलेले असतात तो पॉवर मीटर, आणि त्याची गंमत अशी की तो पॉवर मोजतच नाही. तो मोजतो व्होल्टेज. समोर ८ ओहमचा स्पीकर आहे असं धरून पट्टी वॅटमधे छापलेली असते, बास. टर्मिनलवर २.८३ व्होल्ट आले की सुई १ वर. तुम्ही ४ ओहमचा स्पीकर लावला तर खरे २ वॅट जातायत पण सुईला त्याचं काय, ती १ च म्हणणार. स्पीकर काढून ठेवला तरी १ च म्हणणार!

हे कळल्यावर जरा हिरमुसलो. म्हणजे मी ज्याच्यासाठी पंधरा हजार घालणार ते एक खोटं बोलणारं यंत्र. पण मग असंही वाटलं की घरातल्या गॅसच्या शेगडीवरसुद्धा नुसतं सिम आणि हाय लिहिलेलं असतं, आपण कधी मोजायला जातो का.

या मीटरचा सुकाळ सत्तरच्या दशकाच्या शेवटी झाला, त्यालाही कारण आहे. त्याआधी अमेरिकेत कंपन्या वॅटच्या बाबतीत वाट्टेल ते आकडे छापायच्या, आपल्याकडे नव्वदीत पीएमपीओचा जो तमाशा झाला तसाच. १९७४ मधे तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम आणला, दोन्ही चॅनेल एकदम चालवून, सतत, किती वॅट निघतात तेच लिहायचं. आता खोटं लिहिता येईना म्हणल्यावर कंपन्यांनी खरोखरचे वॅट वाढवायला सुरुवात केली, १९७८ ला पायोनियरने एसएक्स-१९८० नावाचा राक्षस काढला, एका चॅनेलला २७० वॅट, आणि इतके वॅट दिले तर ते गिऱ्हाइकाला दिसायला नकोत का, म्हणून सुया. ऐंशीनंतर सुया मागे पडल्या, एलईडी आणि निळ्या-हिरव्या फ्लोरोसंट पट्ट्या आल्या. त्या मला आवडत नाहीत, कारण विचारू नका.

आता पंधरा हजारात काय येतं ते बघू. निळ्या मीटरवाला मॅकिन्टॉश, १९६७ च्या एमसी२१०५ पासून ज्यांचे ते निळे मीटर चालू आहेत, तो आपल्या सात पिढ्यांना परवडत नाही. यामाहाचा सीए-२०१०, १२० वॅटचा, क्लास एचं (जास्त तापणारी पण आवाजाला चांगली मानलेली पद्धत) वेगळं बटण असलेला, तो फोटोत बघून डोळे निववले. त्याच्या खाली आला की पायोनियरचा एसएक्स-७८० दिसतो, ४५ वॅट, रेडिओसकट, दोन मीटर, दिसायला राजबिंडा. मी जवळजवळ त्यावर शिक्का मारला होता. पण त्यात पॉवर आउटपुटला सुटे ट्रान्झिस्टर नाहीत, एसटीके मॉड्युल आहे, म्हणजे सगळी सर्किट एका काळ्या वडीत बंद. ती चालतेय तोवर मजा, उडाली तर जुनी खरी वडी मिळणं अवघड आणि बाजारात त्याच नावाच्या नकली भरपूर. सुटे ट्रान्झिस्टर असले तर निदान बरोबरीचा दुसरा बसवता येतो, अर्थात तिथेही नकलीचा धंदा जोरात आहे, तोशिबाच्या सी५२०० आणि ए१९४३ च्या नावावर काय काय खपवतात ते रिपेअरवाल्यांना विचारा. तरी मी स्वतःपुरता नियम केला, एसटीकेवाला नको. नियम पाळताना पुढे जीवावर आलं.

दुसरी अडचण व्होल्टेजची. जपानच्या आत विकलेला माल १०० व्होल्टचा असतो आणि इकडे ऑनलाइन जे दिसतात त्यात हे बरेच. विकणारा म्हणतो सर स्टेपडाऊन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावा ना, आठशे रुपयात येतो. पण आपल्याकडे सहज मिळतो तो ११० चा स्टेपडाऊन, म्हणजे १०० च्या मशीनला दहा टक्के जास्त, आणि आमच्या सोसायटीत रात्री २४० येतात म्हणजे त्याहून जास्त, आणि चाळीस वर्षांचे कपॅसिटर आधीच रिटायरमेंटला टेकलेले. वर तो ट्रान्सफॉर्मर स्वतः गुणगुणतो. एक्सपोर्टच्या मॉडेलला मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो, ११०, १२०, २२०, २४०. आखातातून आपल्याकडे आलेला माल बहुतेक या प्रकारचा. मामाचा पण तसाच असणार, तेव्हा कोणाला माहीत होतं.

पहिला अँप बघायला मुंबईला गेलो, जुन्या मालाच्या बाजारात. दुकानदार भला बोलका. मी आत पाय ठेवला तोच त्याने बास ट्रेबल फुल करून ढिनचॅक लावलं आणि सुया अशा नाचल्या की वा. पण दोन्ही सुया अगदी एकसारख्या नाचत होत्या, जुळ्या बहिणी. मी बॅलन्सचं बटण पूर्ण डावीकडे फिरवलं तर उजवा स्पीकर गप्प झाला आणि उजवी सुई मजेत चालूच! झाकण काढायला लावलं (त्याला आवडलं नाही) तर आत मीटरची मूळ सर्किट गायब, दोन्ही मीटरच्या वायरी एकाच जागी एक रेझिस्टर आणि डायोड लावून जोडलेल्या आणि आत निळे एलईडी चिकटवलेले. किंमत बारा हजार. मी म्हणलं विचार करतो, तो म्हणाला साहेब आज रात्री जाईल हा. जाऊ दे म्हणलं. तेव्हापासून बॅलन्स फिरवून बघणे ही माझी पहिली टेस्ट झाली, फुकट आहे आणि कोणी नाही म्हणत नाही.

आलोच आहे तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चक्कर मारून कॉन्टॅक्ट क्लीनरचा (बटणांची खरखर घालवणारा) स्प्रे घेतला आणि वडापाव खाऊन परत. येताना ट्रेनमधे ठरवलं की आता हात हलवत जायचं नाही. एक पिशवी तयार केली. मल्टिमीटर, टॉर्च, चार स्क्रू ड्रायव्हर, फोनला लावायची केबल, फुटला तरी चालेल असा एक जुना स्पीकर, आणि सिरीज बोर्ड. सिरीज बोर्ड म्हणजे आपले इलेक्ट्रिशियन वापरतात तोच, १०० वॅटचा पिवळा बल्ब मशीनच्या वाटेत सिरीजमधे. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि मशीन वाचतं. ठीक असेल तर एकदा चमकतो आणि मंदावतो. साठ-सत्तर रुपयांचं सामान आहे हो, पण हजारोंचं नुकसान वाचवतं.

दुसरा नाशिकला. रिटायर्ड काका, बँकेतले, घर इतकं स्वच्छ की मला चप्पल दारात काढताना पण संकोच वाटला. अँपवर क्रोशाचा रुमाल. बॉक्स, मॅन्युअल, वॉरंटी कार्ड सगळं. सुया मऊ, दिवे मूळचे, व्हॉल्यूमला एक खर्र नाही. काकूंनी पोहे दिले. काका म्हणाले पंचवीस म्हणतोय पण तुम्ही आवडीने घेताय तर पंधरा द्या. पंधरा! मला पहिल्या दहा सेकंदात हो म्हणायचं होतं. पण मागे बघितलं तर १०० व्होल्ट, सिलेक्टर नाही, स्टेपडाऊनवरच चालत होता, आणि झाकणाच्या फटीतून टॉर्च मारला तर हीटसिंकवर (उष्णता घालवणाऱ्या पत्र्यावर) दोन काळ्या वड्या. एसटीके. दोन्ही अडचणी एकदम. वर पंधराला घेतला तर दुरुस्तीला शून्य उरणार. मी काकांना खरं सांगितलं, तर ते रागावले नाहीत, उलट म्हणाले की बरं झालं सांगितलंत, आता घेणाऱ्याला मी पण सांगेन. नाशिकहून पुण्यापर्यंत गाडीत मी एक शब्द बोललो नाही. अजूनही कधी कधी वाटतं की घ्यायला हवा होता, खोटं कशाला बोलू.

मधे दोन महिने काही नाही. एक सोलापूरचा फोटोवरच बाद केला (समोरचं एक बटण फेव्हिक्विकने बसवलेलं दिसत होतं), एक जण पत्ता द्यायलाच तयार नव्हता, आधी पैसे म्हणाला.

मग चिपळूणच्या बाजूची एक जाहिरात दिसली, एकच फोटो, तोही तिरका, आणि किंमत चौदा हजार. फोन केला. एक चाचा बोलले, त्यांच्या मोठ्या भावाने दुबईहून आणलेला, भाऊ आता नाहीत, घरात कोणी वापरत नाही. मी पहिला प्रश्न विचारला तो पुराचा. जुलै २०२१ मधे चिपळूणच्या बाजारपेठेत तळमजले बुडालेले सगळ्यांनी टीव्हीवर बघितलेत, तेव्हा त्या बाजूची कुठलीही इलेक्ट्रॉनिक वस्तू घ्यायची तर हे विचारायलाच हवं. चाचा म्हणाले, आमचं घर टेकाडावर आहे, पाणी आमच्या अंगणात पण नाही आलं, तुम्ही येऊन बघा, नाही पटलं तर जेवून जा.

कुंभार्ली घाटाने उतरलो. ऑक्टोबर अखेर, घाट अजून हिरवा होता. अँप माळ्यावर चादरीत गुंडाळलेला. खाली आणला, धूळ पुसली, मागे सिलेक्टर, चारही व्होल्टेज! इथेच माझा अर्धा जीव भांड्यात पडला होता पण चेहरा सरळ ठेवला. झाकण उघडलं तर आत वासच वेगळा, दमट माळ्याचा, आणि ट्रान्सफॉर्मरच्या कडेला कुंभारमाशीने मातीचं छान घर बांधलेलं, शेजारी पालीची दोन वाळलेली अंडी. चाचांचा नातू म्हणाला याच्यात तर भाडेकरू आहेत. चिखलाची पातळ रेघ कुठे दिसते का ते चारी बाजूंनी टॉर्च मारून बघितलं, नव्हती. चारही आउटपुट ट्रान्झिस्टर सुटे, मूळचे, दोन्ही बाजूंना एकच नंबर. मोठे कपॅसिटर वरून सपाट, फुगलेले नाहीत. मातीचं घर लाकडी चमच्याने काढलं, म्हणलं आधी भाडेकरू बाहेर, मग लाईट.

सिरीज बोर्ड लावला. बल्ब चमकला आणि मंद झाला. सगळ्यांनी श्वास सोडला, चाचांनी पण, त्यांना कळलं नव्हतं काय चाललंय पण माझ्या तोंडाकडे बघून. सिरीजवर रिले (स्पीकर जोडणारा आतला स्विच) लागला नाही, तितके व्होल्टच मिळत नाहीत त्याला, ते चालतं. मग सिलेक्टर २४० वर घेऊन सरळ लाईटवर लावला. एक, दोन, तीन, चार, टक्! तो टक् म्हणजे आतलं सर्किट म्हणतंय की आउटपुटला डीसी नाही, आता स्पीकर जोडतो. तो आवाज आलाच नाही तर समजायचं आत गडबड आहे. तरी आपण मोजायचं. व्हॉल्यूम शून्य, स्पीकर काढलेले, मल्टिमीटर २०० मिलिव्होल्ट डीसीवर, डावीकडे १८ मिलिव्होल्ट, उजवीकडे ४१. पन्नासच्या आत असलं की मी खुश. डीसी जास्त असेल तर तो स्पीकरच्या कॉइलमधून सतत वाहतो आणि कॉइल शेकते, मीटर कितीही सुंदर नाचत असू दे.

आणि मीटर? डावी सुई झकास. उजवी मधेच, पट्टीच्या साधारण १ च्या आसपास, अडकून बसलेली, गाणं बंद केलं तरी तिथेच. व्हॉल्यूम फिरवताना खर्रखर्र, इनपुट निवडायचं बटण एका जागी दाबून धरलं तर उजवा चॅनेल येतो नाहीतर जातो. कोकणातल्या दमट हवेत चाळीस पावसाळे, बटणं काळी पडणारच, त्यात अँपचा काय दोष.

भाव करायचा म्हणजे मला घाम फुटतो. मी सुईकडे बोट दाखवून म्हणलं चाचा ही मेली आहे, नवीन मिळत नाही. हे मी प्रामाणिकपणे म्हणलं, तेव्हा मला तसंच वाटत होतं. चाचा म्हणाले तुम्हीच सांगा. मी आठ म्हणलं, ते बारा, मधे सुरमईचं जेवण झालं, आणि जेवणानंतर नऊला हात मिळवला. निघताना त्यांनी अँपवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, भाईजान शुक्रवारी दुपारी लावायचे. मी उगीच नळाकडे हात धुवायला गेलो.

कुठला ब्रँड, कुठलं मॉडेल ते मुद्दाम लिहीत नाहीये. लिहिलं की आठ दिवसात त्याचा भाव वीस हजार होतो, हे मी स्वतः दोन मॉडेलच्या बाबतीत बघितलंय. जपानी आहे, ७९-८० च्या आसपासचा, चाळीस वॅटचा, एवढं पुरे.

पुण्यात एक रिपेअरवाले काका आहेत, सत्तरी पार, पेठेतल्या वाड्याच्या तळमजल्यावर. त्यांनी झाकण उघडून पाच मिनिटं काहीच न बोलता बघितलं. मग विचारलं, आत कोणी स्प्रे मारलाय? मी म्हणलं नाही काका, अजून नाही. "बरंय. मारू नका. स्प्रे मारून आणतात आणि मग माझ्याकडे रडतात." माझ्या पिशवीतला लॅमिंग्टन रोडचा स्प्रे मी तसाच आत ढकलला. त्यांचं म्हणणं, पॉटमधे (व्हॉल्यूमच्या बटणामागच्या भागात) नेमक्या जागी एक थेंब हवा, भिंतीला रंग दिल्यासारखा फवारा नाही.

पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, यादीतले कपॅसिटर मलाच आणायला लावले. गंमत म्हणजे जुन्या १०० मायक्रोफॅरडच्या जागी तेवढ्याच व्होल्टेजचा नवीन आणला तर तो करंगळीच्या पेराएवढा, जुना अंगठ्याएवढा. मला वाटलं फसवलं. काका म्हणाले फसवलं नाही, चाळीस वर्षांत तंत्र सुधारलं, माणसंच तेवढी नाही सुधारली. मोठे दोन फिल्टर कपॅसिटर त्यांनी काढून मोजले आणि परत लावले, म्हणाले ठीक आहेत, उगीच खर्च करू नका. हे मला फार आवडलं. बोर्डवर जागोजागी जपानी कारखान्यात लावलेला गोंद होता, जुना झाला की तो तपकिरी होतो आणि शेजारच्या तारा खायला लागतो, तो त्यांनी तासभर बसून खरवडला. दुरुस्तीतलं सगळ्यात कंटाळवाणं आणि बहुतेक सगळ्यात महत्त्वाचं काम तेच होतं.

आणि आता सुई. मी म्हणलं काका नवीन मीटर कुठे मिळेल. त्यांनी काही न बोलता मीटरच्या प्लॅस्टिकच्या काचेवर तोंडाने हाऽ करून वाफ सोडली. आणि सुई सळसळत शून्यावर आली! मी बघतच राहिलो. मेलेली वगैरे काही नव्हती, माळ्यावरून आणल्यावर आम्ही सुक्या फडक्याने खसाखसा पुसली होती ना, त्याने प्लॅस्टिकवर स्टॅटिक चार्ज आला आणि सुई इतकी हलकी असते की ती त्यालाच चिकटून राहते. उपाय काय, तर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब पाण्यात, त्यात बुडवून पिळलेलं मऊ फडकं काचेवरून फिरवायचं आणि तसंच वाळू द्यायचं, पुसायचं नाही. मला चाचांना फोन करून पाचशे रुपये परत द्यावेत असं वाटलं. (दिले नाहीत. पण नंतर अँप चालू झाल्याचा व्हिडिओ पाठवला, त्यांनी उलट आंबे पाठवतो म्हणून कळवलंय.)

मीटरचे दिवे दोन्ही गेलेले. काकांच्या पोऱ्याने पहिल्यांदा पांढरेफटक एलईडी लावले, खिडक्या अशा दिसायला लागल्या जसं मेडिकलचं दुकान. मी हात जोडले. मग वॉर्म व्हाइट घेतले, पण ती लाइन एसीची असल्यामुळे ते थरथरायला लागले, मग काकांनी एक ब्रिज (एसीचं डीसी करणारा भाग) आणि छोटा कपॅसिटर टाकून ते शांत केले आणि वर ट्रेसिंग पेपरचा तुकडा लावला. बघा, मामाच्या अँपचा पिवळट उजेड तसाच्या तसा. या दिव्यांवर आमचे दोन शनिवार गेले, आख्ख्या ऑडिओ सर्किटवर एक. काका म्हणाले, तुम्ही ऐकायला घेतलाय का बघायला?

शेवटी मीटर जुळवणे. फोनवरून १०० हर्ट्झचा टोन दिला, कारण साधे मल्टिमीटर १ किलोहर्ट्झवर एसी व्होल्ट नीट दाखवतीलच असं नाही, आणि व्हॉल्यूम वाढवत आउटपुटला ८.९४ व्होल्ट आणले. ८ ओहमला म्हणजे बरोबर १० वॅट. डावी सुई १० वर, उजवी ६ च्या जवळ. बोर्डवर दोन बारीक प्रीसेट (जुळवणीचे स्क्रू) असतात, त्यातला उजवा प्लॅस्टिकच्या स्क्रू ड्रायव्हरने केसभर फिरवला आणि दोघी एका रेषेत. काकांचं बिल सामानासकट ४,६०० झालं. नऊ हजार आणि हे मिळून तेरा हजार सहाशे. पेट्रोल आणि टोल मी हिशोबात धरलेला नाही, आणि तो विषय घरात निघालेला नाही.

घरी आणून लावला, बाबांना समोरच्या खुर्चीत बसवलं, किशोरीताईंची एलपी लावली, आणि सुया... ०.१ च्या अलीकडेपलीकडे. नुसत्या हलतायत, जेमतेम. मला वाटलं परत बिघडलं! आवाज तर खोली भरून होता. आलाप संपून बंदिश सुरू झाली तेव्हा कुठे ०.५ ला शिवून आल्या. तर ते तसंच असतं. माझे स्पीकर १ वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल देतात, म्हणजे १ वॅट लागला की आमच्या बारा बाय चौदाच्या हॉलमधे शेजारी विचारायला येतील. स्पीकर ६ ओहमचे असल्याने सुई १ म्हणते तेव्हा खरे एक पूर्णांक एक तृतीयांश वॅट जातात, तरी काय. आणि आवाज दुप्पट वाटायचा तर दहापट वॅट लागतात. म्हणजे १९८० साली कोणीतरी चाळीस वॅट मोजून विकत घेतले, आखातातून बोटीने की विमानाने आणले, आणि त्यातला एक पण पुरता कधी वापरला नसेल. मामाच्या सुया झपकन उजवीकडे पळायच्या कारण मामा आख्ख्या चाळीला ऐकवायचा!

मुलाने शोध लावला तो वेगळाच. त्याने स्पीकरचं बटण ऑफ करून टाकलं आणि ओरडला, बाबा आवाज गेला पण सुया नाचतायत. मी त्याला व्होल्टेज आणि पॉवरचा फरक समजावून सांगायला लागलो तर तो निघून गेला, पण तेव्हापासून अभ्यासाच्या वेळेला असंच लावून ठेवतो, आवाज बंद, सुया चालू. बायकोने पहिल्या दिवशी एवढंच म्हणलं की बरा दिसतोय. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारची कुंडी हलवून पलीकडे ठेवली, खिडक्या झाकल्या जात होत्या म्हणून.

जानेवारीत पुण्याची थंडी कोरडी पडली. एका दुपारी मी मीटिंगमधे असताना तिचा मेसेज आला, डावी चालू आहे, उजवी झोपली, मघाशी बाईंनी फडकं मारलं वाटतं, एक थेंब लिक्विडला पाणी किती घ्यायचं? मी टाईप करेपर्यंत दुसरा आला, राहू दे, हाऽ करून बघितलं, उठली.